बुजवलेली दहा भोकं

जुम्म्याची नमाज झाली, तसं कलीमचाचानं मला गॅरेजच्या माळ्यावर जुनी चेन आणायला पाठवलं. कॉलेज सोडल्यापासून बोरी अरबात मी त्याच्या हाताखाली पाने-पेचकस उचलतो. तेवढ्यावरून तो मला अक्कल शिकवतो.

चेनीच्या डब्यात रहमतदादाचा माउथ ऑर्गन सापडला. दहाही भोकं एम-सीलनं बुजवलेली.

दादा म्हणजे चाचाचा बाप, माझा आजा. यवतमाळच्या कापसाच्या जिनात जन्म गेला, छातीत रुई भरली. तरी संध्याकाळी या बाजात आमची छोट्या रुळांची शकुंतला गाडी हुबेहूब वाजवायचा. चढावर दमलेली, पुलावर खडखडणारी. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कापसाच्या मुलखात एक काळा माणूस अशीच आगगाडी वाजवायचा. मी मोबाइलवर ऐकलाय. दादानं त्याचं नावही ऐकलं नव्हतं. गाडी मात्र तीच.

"हे कोणं केलं, चाचा?"

"म्या." त्यानं इंजिनातून मान वर केली नाही. "मरतानी अब्बाले कलमा पढ म्हनलं, तं बाजा मागे. चार लोकं बसले होते. मंग बुजवून देल्ला."

"अन् त्यानं?"

"फुकला... एकडाव. मंग गेला."

म्हणजे शेवटचा श्वास आतच अडकला. चार लोकांच्या भीतीनं यानं बापाच्या श्वासाला बूच मारलं, आणि मला म्हणे मोठ्यांची इज्जत कर.

"मी खोलतो हे."

"हात तोडीन तुया!"

"तोड. मंग पाने कोण उचलीन?"

पेचकस घातला. पहिल्या भोकातला तुकडा निघाला आणि बोटांवर गरम वारा आला. बिडीचा, रुईचा, तापातल्या तोंडाचा वास. भर दुपार, डोक्यावर तापलेला टिन. बाजा ओठापासून हातभर लांब होता... तरी आत कुठंतरी, खूप दूर, गाडी चढाला लागली. आमचे रूळ तर केव्हाचे गंजलेत.

चाचानं बाजा हिसकला. नवं एम-सील मळलं, दहाही भोकं ठासून भरली, बाजा पेटीत टाकला. कुलूप लावून रात्री चावी उशाला घेतली.

सकाळी त्यानंच पेटी उघडली. कुलूप जसंच्या तसं. दहाही भोकं लख्ख मोकळी. पेटीत एम-सीलचा कणही नाही.

"तूच केलं!"

"चावी कोणाजवळ होती?"

त्यानं चहाचा घोट घेतला, ठसका लागला. खोकत खोकत बशीत काहीतरी थुंकला. राखाडी. टणक. चारी बाजूंनी चौकोनी, बरोब्बर भोकाच्या मापाचं.

"आमिर... बेटा, काय हाय हे?"

बेटा! पहिल्यांदाच.

"एम-सीलची एक वडी निंगाली, चाचा. नऊ राह्यल्या."

मी बाजा उचलून ओठाला लावला. अजून फुंकलाही नव्हता, तर चाचाच्या छातीत गाडी चढाला लागली.