बंद पडल्यास कळवा

टॉवर कुठे उभा करायचा हे मी पुण्यात खुर्चीत बसून ठरवायचो, आणि त्याचं मला स्वतःलाच फार कौतुक होतं. हेदवीच्या पुढच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर, २००६ साली उभा राहिलेला टॉवर माझा. वर वीज नव्हती, डिझेलचं जनित्र चढवायला रस्ता नव्हता. मी सौर पॅनल आणि एक छोटी पवनचक्की सुचवली. कंपनीत पाठ थोपटली गेली. बॅटरी तीन दिवसांची ठेवली, कारण सोलापूरकडच्या टॉवरला तेवढी पुरत होती. तोच कागद इथे उतरवला. कोकणातलं आभाळ देशावरच्या हिशेबाने चालत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला नव्हतं.

टॉवरखालच्या खोलीवर मी पाटी लावली, 'बंद पडल्यास कळवा', आणि खाली माझा मोबाइल नंबर. टॉवर सुरू झाला त्या दिवशी खालच्या वाडीतला हमीद वर आला होता. होडीवाला, पन्नाशीचा, मेंदी लावलेली दाढी. पाटी वाचून तो पोट धरून हसला.

"साहेब, ह्यो बंद पडला तर फोन लागंल कसा?"

सगळे हसले. मीही हसलो. त्याने मात्र नंबर आपल्या फोनमध्ये घालून घेतला. "तरी कळवीन. शब्द दिला."

वाडीला त्या टॉवरचा खरा उपयोग एकच होता. होडी परतताना रेंजमध्ये आली की घरी मिस कॉल द्यायचा. दोन रिंगा. घरच्यांनी उचलायचा नाही, भात टाकायचा. माणूस दारात येईपर्यंत भात शिजलेला असायचा.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटल्या. सप्टेंबरात पाच दिवस ऊन दिसलं नाही आणि वाराही पडून होता. चौथ्या दिवशी टॉवर बंद पडला. पाचव्या दिवशी हमीदच्या होडीचं इंजिन गेलं आणि दुपारून वादळ आलं. सोबतच्या दोघांना दुसऱ्या होडीने उचललं. ते म्हणाले, हमीदचाचा शेवटपर्यंत फोन डोक्यावर धरून रेंज बघत होते. मय्यत मिळाली नाही.

मला कोणी दोष दिला नाही. त्याचंच जास्त लागलं.

ऑक्टोबरात टॉवरला जोडल्या गेलेल्या फोनांची यादी चाळताना एक नंबर दिसला. कुठला फोन किती लांब आहे, हे टॉवरला साधारण अर्ध्या किलोमीटरच्या टप्प्यांनी कळतं. समुद्राच्या बाजूला, चाळिसाव्या टप्प्यावर, दुपारी चारला एक फोन होता. दुसऱ्या दिवशी चारला एकोणचाळिसाव्या. नंबर हमीदचा. कुणाला तरी फोन सापडला असेल, मी म्हटलं. टॉवर सांभाळणाऱ्या दत्तारामला त्या नंबरवर फोन करायला सांगितलं.

"स्विच ऑफ सांगतोय," तो म्हणाला. मग म्हणाला, "साहेब, शुक्रवारी हितली एक पण होडी बाहेर जात नाय. तुमच्या यादीत शुक्रवार हायत काय?"

होते. सगळे होते.

नोव्हेंबरात कंपनीने तो टॉवर काढून रस्त्याकडेला डिझेलवर नवा उभारायचं ठरवलं. बंद करायला मीच गेलो. रोज एकेक कमी होत त्या दिवशीचा टप्पा होता एक.

आधी हमीदच्या घरी गेलो. तोंड दाखवायची लाज वाटत होती, पण न सांगता बंद करणंही जमेना. त्याची बायको कुलसुम ओट्यावर सुके बोंबील निवडत होती. शेजारी फोन, पाणी लागू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत.

"उद्याच्या दिवस ठेवा, भाऊ," ती म्हणाली.

"उद्याच का?"

"सासूबाय बोलते इद्दतीला बस. नवरा गेल्यावर चार महिने धा दिवस. बसंन की. पण ते घरी आले नायत न् गेले पण नायत. कसल्या हिशेबानं बसू?" तिने मान वर केली नाही. "उद्या मिस कॉल येल. मंग काढीन बांगड्या."

यादीबद्दल मी तिला अवाक्षरही सांगितलं नव्हतं.

"ठेवतो," मी म्हटलं. एवढं तरी माझ्या हातात आहे असं वाटलं.

पण तीन दिवस अवेळी ढग धरून होते. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी सड्यावर बसून राहिलो. कातळ तापला नाही. पवनचक्कीचं पातं हललं नाही. दत्तारामने उगाचच पॅनल टॉवेलने पुसली. बॅटरी टिकावी म्हणून मी टॉवरच्या बाकीच्या दोन्ही बाजू बंद केल्या, फक्त समुद्राची चालू ठेवली. तीन वाजता बॅटरी अगदी तळाला होती.

तीन चाळीसला खोलीतला हिरवा दिवा विझला.

"तुमचा काय चुकला नाय, साहेब," दत्ताराम म्हणाला.

चुकलं होतं. तेच, दुसऱ्यांदा. डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं नाही.

टॉवर गेला हे तिला सांगायला मी पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरून धावत खाली गेलो.

कुलसुम चुलीपाशी बसली होती. आधण ठेवलेलं. तांदूळ धुऊन बाजूला. फोन मांडीवर.

मी दारातच उभा राहिलो.

भिंतीवरच्या घड्याळात चार झाले. तिचा फोन गप्प होता.

माझ्या खिशातला वाजला.

दोन रिंगा. थांबला.

नंबर मला पाठ होता. मी फोन तिच्यापुढे धरला. तिने एकेका आकड्यावरून बोट फिरवलं, मग उठून तांदूळ आधणात सोडले. परत खाली बसली आणि एकेक बांगडी काढून चुलीच्या कडेला ठेवू लागली. तेव्हा कुठे ती रडली, अगदी हळू.

"आता टॉवर काढलात तरी चालंल, भाऊ."

मी मान हलवली. हातातल्या फोनवर रेंजची एकही काडी नव्हती. टॉवर बंद पडून वीस मिनिटं झाली होती.

हमीदने कळवलं होतं.