शेवटच्या माणसाच्या मागून

कपडे धुऊन इस्त्री करून देणं हा माझा धंदा. दुकान तळ्यापासून दोन गल्ल्या आत आहे, आणि या दिवसांत चारलाच अंधारायला लागतं, म्हणून दिवा लवकर लावतो. बसा, शेगडीजवळ सरका. चहा घेता घेता ऐका. हे घाईत सांगण्यासारखं नाही आणि सांगून मी चांगला दिसेन असंही नाही.

आमच्या गावात धावणाऱ्यांचं एक मंडळ आहे, नाव बगळा. रविवारी सकाळी तळ्याभोवती धावायचं, महिन्यातून एकदा डोंगरात जायचं. आम्ही बारा जण. वयं चाळिशीपासून सत्तरीपर्यंत, त्यामुळे पाय कमी आणि तोंडं जास्त चालतात. प्रमुख कामिजोसान. ते शाळेत कवायत शिकवायचे, आता निवृत्त झालेत, पण शिट्टी गळ्यातून उतरलेली नाही.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी आमचं वर्षाच्या निरोपाचं जेवण असतं. त्या दिवशी प्रत्येकाने वर्षभरातला आपला एक आवडता फोटो द्यायचा. सगळे भिंतीवर महिन्यांच्या क्रमाने लावायचे आणि आपण तोच का निवडला ते दोन वाक्यांत सांगायचं. फोटो जमवायचं काम कोणाकडे, ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. यंदा चिठ्ठी माझ्या नावाची निघाली. मी हसून हो म्हणालो, पण मनातून ते नको होतं. कारण आमचे फोटो काढायचे मोमोसेसान, आणि मोमोसेसान एप्रिलमध्ये गेले.

कसे गेले ते आधी सांगतो.

डोंगरात प्रत्येकाला कायमचा नंबर असतो. खिंडीत पोचलो की सगळे गोल उभे राहतात, कामिजोसान शिट्टी मारतात आणि एकापासून बारापर्यंत ज्याने त्याने आपला नंबर ओरडायचा. बारा मी. बारा नंबरवाल्याने सर्वांच्या मागे राहायचं, त्याच्या मागे कोणी उरता कामा नये, हा आमचा पहिला नियम. अकरा मोमोसेसान. ते मात्र मला नेहमी पुढे पिटाळायचे.

"ओगुचीसान, तुम्ही व्हा पुढे. मला मागून काढू द्या," म्हणायचे. "माणूस तोंडाने सोंग करतो हो. पाठीला ते जमत नाही."

मग ते मोजणीला हमखास उशिरा यायचे, आणि त्यांच्या नावाचा "अकरा" मी ओरडायचो, त्यांच्यासारखा नाकातून, शेवटी हेल काढून. सगळे हसायचे. वर्गात मित्राची हजेरी लावतात ना, तसलाच प्रकार. तोवर मोमोसेसान येऊन ठेपायचे आणि म्हणायचे, "मी बरा ओरडलो का आज?"

एप्रिलमधल्या त्या रविवारी खिंडीत अचानक बर्फमिश्रित पाऊस सुरू झाला. बोटं वाकत नव्हती. कामिजोसाननी शिट्टी मारली. दहा नंबर चिएकोसान, सोयाबीन आंबवून केलेल्या मिसोच्या दुकानवाल्या, त्यांनी दातावर दात आपटत "दहा" म्हटलं. मी सवयीने नाकातून "अकरा" म्हणालो, मग माझ्या आवाजात "बारा". त्या दिवशी कोणी हसलं नाही. माना खाली होत्या, डोक्यावर टोप्या ओढलेल्या. त्यांना ते मोमोसेसानच वाटले. हे माझ्या लक्षात आलं होतं. म्हटलं, येतीलच मागून. मला थंडी वाजत होती आणि खाली गाड्यांत ऊब होती, खरं कारण एवढंच.

खाली दोन गाड्या होत्या. ह्या गाडीतल्यांना वाटलं ते त्या गाडीत आहेत. मलाही तसंच वाटलं, किंवा मी वाटून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खिंडीच्या अलीकडच्या वळणाखाली सापडले. पाय घसरून मोडला होता. डॉक्टर म्हणाले, पडल्याने नाही, थंडीने गेले. वळणापासून खिंड दोनशे पावलं. मोजणीत एक कमी भरला असता तर आम्ही परत फिरलो असतो.

पोलिसांना कामिजोसाननी सांगितलं, "खिंडीत त्यांनी नंबर दिला होता. मी या कानांनी ऐकला." मग सर्वांनी तर्क केला की फोटोसाठी ते आपणहून मागे गेले असणार. मोमोसेसानच्या बायकोलाही, सेत्सुकोसानना, तेच सांगण्यात आलं. मी शेजारी उभा होतो आणि गप्प बसलो. आमच्या धंद्यात म्हणतात, डागावर इस्त्री फिरवू नका, मग तो कशानेच निघत नाही. मी आठ महिने इस्त्री फिरवत होतो.

तर परवा शनिवारी दुपारी छापलेले अकरा फोटो घेऊन आलो आणि इस्त्रीच्या टेबलावर मांडले. जानेवारी ते मार्च चार फोटो, मोमोसेसाननी काढलेले. गोठलेलं तळं, चिएकोसानचं लाल नाक, कामिजोसान शिट्टी चावताना. बाकीचे सात मे ते नोव्हेंबरचे. मेमध्ये भाताच्या खाचरांत पाणी भरलंय आणि आम्ही बांधावरून धावतोय. ऑगस्टमध्ये धरणाची भिंत. सप्टेंबरमध्ये पांढरी फुललेली शेतं. सुरेख फोटो. मी क्रम लावत होतो आणि माझा हात थांबला.

सातही फोटो पाठीमागून काढलेले होते, आणि सातही फोटोंत सर्वांत मागे, कॅमेऱ्याच्या सर्वांत जवळ, माझी पाठ होती.

मी चिएकोसानना फोन केला. "तुमचा सप्टेंबरचा फोटो कोणी काढला?"

"कोणी म्हणजे? आपल्या ग्रुपच्या अल्बममध्ये होता. कामिजोसाननी टाकला असेल."

कामिजोसान म्हणाले, "मी? मला मेला फोन उचलता येतो तेवढं पुष्कळ. मला वाटलं तुम्हीच काढता."

"मी त्या फोटोत आहे हो."

"मग मागच्या कोणीतरी काढला असेल."

"माझ्या मागे कोण असणार, कामिजोसान…"

त्यांनी फोन ठेवून दिला.

मी फोटो पुन्हा पाहिले. मेमधली माझी पाठ बोटभर होती. जुलैमध्ये वितभर. नोव्हेंबरच्या फोटोत बाकीचे लांब, धूसर, आणि माझी कॉलर एवढी जवळ की शिवण दिसत होती. उन्हाळ्यात ती उसवली तेव्हा घरात पांढरा दोरा नव्हता म्हणून मी निळ्याने घातलेले तीन टाके. आणि वर मानेवर उभे राहिलेले केस. तेही आठवलं मला. मे महिन्यापासून धावताना मागे कधीकधी "खट्" असा बारीक आवाज यायचा. मी समजायचो, गुडघा.

तेवढ्यात दाराची घंटी वाजली आणि सेत्सुकोसान आत आल्या. हातात कापडात बांधलेलं गाठोडं.

"धुवायला आणलंय," म्हणाल्या. मोमोसेसानचं धावायचं हिरवं जाकीट. कोपरावर चिखल वाळलेला होता. ओल्या पानांचा वास दुकानभर पसरला. आठ महिन्यांनंतर असा वास राहत नाही, हे मी धंद्यावरून सांगतो.

"आणि हा भिंतीवर लावायला. त्यांच्यातर्फे." त्यांनी पाकिटातून एक फोटो काढला. "पोलिसांनी कॅमेरा परत दिला होता. मला उघडवत नव्हता. गेल्या आठवड्यात उघडला. हा शेवटचा."

फोटो लांबून काढला होता, वळणावरून. पावसाच्या रेघा, खिंडीतली लाकडी शेड, आणि तिच्यापाशी गोल उभी राहिलेली चिमुकली माणसं.

"मी भिंग घेऊन मोजली," त्या म्हणाल्या. "अकरा आहेत. मोजणी चाललेली दिसते. सगळ्यांची तोंडं मिटलेली आहेत. तुमचं एकट्याचं उघडं आहे. काय म्हणत होता तुम्ही तेव्हा?"

बारा म्हणायचं, संपलं. माझाच नंबर होता तो. त्यांनी मान हलवली असती, मी जाकिटाची पावती फाडली असती आणि त्या घरी गेल्या असत्या. मी तोंड उघडलं. माझ्या मागे, जिथे टांगलेल्या कोटांच्या रांगेशिवाय काही नाही, तिथून आवाज आला. खट्.

सेत्सुकोसाननी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं, आणि पुन्हा माझ्याकडे.

"अकरा," मी म्हणालो.

मग सगळं सांगितलं. नाकातून ओरडणं, थंडी, गाड्या, पोलिसांसमोरचं गप्प बसणं. त्या जाकिटाची बाही सरळ करत ऐकत होत्या.

"म्हणजे ते मागे गेले नव्हते," शेवटी म्हणाल्या.

"नाही. ते येत होते."

"आठ महिने मी त्यांच्यावर रागावलेय," त्या म्हणाल्या. "बायकोपेक्षा फोटो मोठा झाला, म्हणून. देव्हाऱ्यात त्यांच्या फोटोपुढे भाताची वाटी ठेवते ना, ती आपटून ठेवायचे. रोज आपटून." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "उद्या हे सर्वांसमोर सांगा. आणि मंडळ सोडून पळू नका, शेवटीच धावा. फक्त त्यांचा नंबर पुन्हा तुमच्या तोंडून निघता कामा नये. एवढं जमेल?"

"जमेल," मी म्हणालो. वाकलो, कपाळ टेबलाला टेकेपर्यंत वाकलो. वर पाहिलं तेव्हा त्या गेल्या होत्या.

काल सकाळी तळ्याकाठी, धावण्याआधी, मी सांगितलं. सेत्सुकोसान थोड्या लांब उभ्या होत्या, गळ्यात मोमोसेसानचा कॅमेरा. कामिजोसाननी शिट्टी मुठीत घट्ट धरली होती. "मी पोलिसांना सांगितलं… या कानांनी ऐकला म्हणून," एवढंच पुटपुटले. चिएकोसान म्हणाल्या, "आणि आम्ही हसायचो. इतकी वर्षं हसायचो." मला कोणी शिवी दिली नाही. कोणी जवळही आलं नाही.

मग कामिजोसान म्हणाले, "मोजणी करू. अकराला सगळे थांबू, त्यांच्यासाठी." शिट्टी वाजली. एक, दोन, तीन. वारा नव्हता, पाण्यावर वाफ होती. चिएकोसान "दहा" म्हणाल्या. सगळे गप्प उभे राहिले. मी ओठ दातांखाली धरले होते, रक्ताची चव येईपर्यंत.

"अकरा."

नाकातून, शेवटी हेल काढून. मोमोसेसानचा आवाज मी पंधरा वर्षं ऐकलाय, आणि माझी नक्कलही मला ठाऊक आहे. त्यात हेल जरा जास्त आहे, हशा मिळावा म्हणून वाढवलेला. तो आवाज मोमोसेसानचा नव्हता. ती माझी नक्कल होती.

दहाही जण माझ्याकडे पाहत होते. चिएकोसान रडायला लागल्या. "आज तरी नको होतं, ओगुचीसान…"

"मी नाही," म्हणालो. "माझे ओठ बंद होते."

सेत्सुकोसान जवळ आल्या. "अकरा" ऐकू आलं त्याच क्षणी त्यांनी समोरून एक फोटो काढला होता, तो त्यांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर माझ्यासमोर धरला. गोल उभी असलेली आम्ही अकरा माणसं. दहांची तोंडं मिटलेली. माझं उघडं.

जेवणाला मी गेलो नाही. भिंतीवर तो फोटो डिसेंबरचा म्हणून लावलाय, असं ऐकलं.

मी मंडळ सोडलेलं नाही, तसा शब्द दिलाय. आज पहाटे एकटाच तळ्यावर गेलो आणि स्वतःशी मोजून पाहिलं, एकापासून, मनातल्या मनात, तोंडावर हा असा तळहात घट्ट दाबून. नऊपर्यंत काही नाही. दहापर्यंत काही नाही. दहानंतर तळहाताला आतून उघडलेल्या तोंडाची ऊब लागली.