रडू न देणारा सर्व्हर

चांद्रतळावर विटा भाजायची भट्टी थंडावली, तशी डॉ. शर्वरी तांडेल तडक संपर्ककक्षात गेली. दिवसभर चंद्राच्या धुळीच्या विटांनी घरं रचायची आणि सुटी झाली की अलिबागला असलेल्या लेकीबरोबर, जुईबरोबर, पुन्हा ठोकळ्यांचीच घरं रचायची, खेळातली, असा या बाईचा नेम. तळावरून चित्रसंवादाची सोय नव्हती. खेळाचे आणि त्यातल्या बोलण्याचे तुटपुंजे संकेत तेवढे पृथ्वीवर पोचत. मायलेकींची भेट म्हणजे तो खेळच.

आज मात्र जुईला ती दिसेचना. हाका मारमारून शर्वरीचा घसा सुकला, तरी समोरच घर बांधणाऱ्या पोरीने वळून पाहिलं नाही.

हा खेळ ज्या सर्व्हरवर चाले, त्याचा रक्षक-प्रोग्राम घडवणाऱ्या डॉ. कौसर मुजावरांना शर्वरीने खेळातच गाठलं.

"हा सर्व्हर तुम्हीच निवडलात ना?" मुजावरबाईंनी विचारलं.

"शंभर ठिकाणं धुंडाळून! कुठं कुणी घर पाडतं, कुठं पेटी लुटतं. मी इतकी लांब, माझ्यामागे पोरीला कुणी रडवता कामा नये. म्हणून सगळ्यात कडक संरक्षण घेतलं."

"तिथंच गोम आहे. इतर सर्व्हर कृत्य बघतात, कुणी काय मोडलं ते. पण बिलंदर माणूस काही न मोडताही छळतो. म्हणून आमचा रक्षक, दुःखरोधक, परिणाम बघतो. मनगटपट्टीवरून मुलाचं दुःख त्याला कळतं. ते वारंवार ज्याच्यामुळे होतं, त्याला तो मुलापासून अदृश्य करतो."

"पण मी काय मोडलं हो तिचं?"

मुजावरबाई घुटमळल्या. "तुम्ही निघालात की ती रडते. इतकं तिला दुसरं कुणीच रडवत नाही."

शर्वरीच्या तोंडून 'जाते' निघत नसे. 'येते हं' म्हणायची, पुन्हा वळायची, आणखी एक वीट लावून द्यायची. निरोप लांबवला की पोरीला सोपं जाईल, अशी तिची वेडी समजूत. यंत्राच्या लेखी ती रोज लेकीला पुरवून पुरवून छळत होती.

"बंदी उठणार कधी?"

"तुमचं नाव निघालं तरी तिचं मन हलेनासं झालं, की आपोआप. मी आत्ताही उठवू शकते. पण मग ती पुन्हा रडेल."

शर्वरीने नवऱ्याला कळवलं. निनादचं उत्तर आलं: 'रडणं थांबलंय. पोटभर जेवते. आता तू म्हणशील तसं.'

"राहू दे," शर्वरी म्हणाली. "घरी गेले की बघू." आपण केवढा त्याग केला, असंही तिला वाटलं, खोटं कशाला बोला.

महिने लोटले. एके दिवशी भट्टीपाशीच निरोप आला: बंदी उठली. सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. शर्वरी हसायला गेली आणि मुजावरबाईंची अट तिला आठवली: पोरीचं मन हलेनासं झालं, की आपोआप. त्या दिवशी पोरीला रडू द्यायला हवं होतं. रडली असती, पण आपली राहिली असती.

तरी ती खेळात गेली. जुई भिंत रचत होती.

"आई? ती वीट दे," एवढंच ती म्हणाली.

शर्वरीने वीट दिली. आणखी दिल्या. वेळ संपत आला, तरी तिचा पाय निघेना. शेवटी जुईनेच विचारलं, "तुला जायचंय ना?"

"हो गं."

"मग जा की," जुई भिंतीवरची नजर न काढता समजूतदारपणे म्हणाली. "मला काही नाही होत."