थांबणारी अक्षरं

“अक्षरं पुन्हा अडली!” मालक ओरडले. “काल दुरुस्त केलं, आज परत जैसे थे!”

कोड्यांचा खेळ बनवणारं ते छोटंसं ऑफिस चिडीचूप झालं. पडद्यावर दीपगृहातली म्हातारी खेळणाऱ्याला सूचना देत होती. एकेक अक्षर उमटत होतं आणि वाक्याच्या मध्येच थबकत होतं. लोक वैतागून खेळ सोडून देत, म्हणून मजकुराची मांडणी सुधारायचं काम नव्या मुलीकडे दिलं होतं. आणि तिची सुधारणा पुसली जात होती ती तिच्याच खात्यातून.

“संध्याकाळपर्यंत खरं सांग, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.”

“मी माझंच काम कशाला बिघडवीन?” मुलगी रडवेली झाली.

खेळातल्या चुका शोधणारीला सगळे चाळणी म्हणत. तिच्यातून काही निसटत नसे. घरी लहानग्या लेकीची छाती कफाने सारखी भरायची, त्यामुळे रात्री डोळ्याला डोळा लागत नसे. पण चोर सोडून संन्याशाला फाशी तिला बघवेना.

“मला दुपारपर्यंत पाहू द्या,” ती म्हणाली.

मुलीचा पासवर्ड तिच्याच पडद्याला चिकटवलेला होता.

“अगं, कुलूप लावून किल्ली दारातच ठेवलीस की!”

म्हणजे ऑफिसातलं कुणीही तिच्या खात्यात शिरू शकत होतं.

अक्षरांचा वाढवलेला आकार तसाच होता. मागची गडद पट्टीही होती. पहिल्यासारखा झाला होता फक्त अक्षरं उमटण्याचा वेग, आणि तोही म्हातारीच्या वाक्यांपुरता. ती वाक्यं लिहिणाऱ्या ताई मागच्या वर्षी आजारात गेल्या होत्या.

चाळणीने चित्रकाराला गाठलं.

“माझं भांडण आकाराशी आहे,” तो फणकारला. “माझा अख्खा समुद्र झाकला त्या अक्षरांनी! मी उलटवलं असतं तर तेच उलटवलं असतं.”

ते पटण्यासारखं होतं.

आवाजाच्या खोलीत ताईंचा धाकटा भाऊ हेडफोन लावून पडद्याकडे बघत होता. हेडफोनची वायर टेबलाखाली मोकळीच लोंबत होती.

“दादा, मजकुराकडे बघता कधी?”

“आपला धंदा कानांचा, बाई. अक्षरं कुठे अडतात, मला काय ठाऊक?”

“म्हातारीचं ते विहिरीबद्दलचं वाक्य फार अडतं म्हणे.”

“‘दोर’च्या आधी ना? तिथे...” त्याने चटकन जीभ चावली.

चाळणीने जुन्या वेगातला खेळ पहिल्यापासून खेळून पाहिला. अक्षरं स्वल्पविरामाला थांबत नव्हती, भलतीकडेच थांबत होती. सुरुवातीला क्वचित, शेवटाकडे जागोजाग. वाचता वाचता तिच्या लक्षात आलं, आपण श्वास रोखून धरलाय. लेकीच्या छातीला कान लावून, तिचा पुढचा श्वास येईपर्यंत धरतो, तस्सा.

दुपारी तिने मालकांना, मुलीला आणि भावाला बोलावून दार लावलं.

“दादा, हे तुम्ही केलंत.”

त्याने गळ्यातल्या हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली.

“ही वाक्यं ताईंनी आधी मोठ्याने वाचली. तुम्ही ती रेकॉर्ड केलीत आणि अक्षरं त्यांच्या आवाजाला बांधलीत. अक्षरं थांबतात, तिथे त्यांना धाप लागली होती. पुढे आजार वाढला, म्हणून शेवटाकडे जास्त थांबतात. एकच कळत नाही. तो आवाज कुठे गेला?”

“पुसला,” भाऊ म्हणाला. “तिनेच शपथ घातली होती. माझ्या धापा कुणाला ऐकवू नकोस म्हणाली. सगळं पुसलं. मग अक्षरांचं हे थांबणं एवढंच उरलं. वायर काढून बघत बसलो की ऐकू येते ती.”

मालक खिडकीकडे वळले.

“माझी नोकरी जात होती, दादा,” मुलगी हळूच म्हणाली.

“हो. आणि मी तोंड शिवून बसलो होतो. चुकलंच माझं.”

मुलीने डोळे पुसले. “एक वाक्य तसंच ठेवू?”



“नको. तिलाही थांबत थांबत बोलायचा कंटाळा आला होता.”

मुलीने कळ दाबली. विहिरीचं वाक्य सरसर उमटलं, ‘दोर’च्या आधी न अडता.

“दम लागला नाही तिला,” तो म्हणाला, आणि त्याने हेडफोन काढून ठेवला.