कांताबाई अजून येतात

आम्रपालीला वाटलं होतं, चहा निवायच्या आत होईल हे काम. रविवारची दुपार होती, कर्वेनगरच्या त्या सोसायटीत सामसूम होती आणि तिचा नवरा संजय आतल्या खोलीत घोरत पडला होता. घरकामाची माणसं शोधून देणाऱ्या एका वेबसाइटवरून आईचं नाव, नंबर आणि पत्ता काढून टाकायचा, एवढंच काम. आई जाऊन अख्खा पावसाळा उलटला तरी फोन येतच होते, आणि दर वेळी परक्या माणसाला 'आई वारली' असं सांगावं लागायचं.

तिची आई कांताबाई बाळ-बाळंतिणींना न्हाऊमाखू घालायची. अर्ध्या कर्वेनगरातली पोरं तिच्या पायांवर पालथी पडून, तेल चोपडून घेत, बोंबा मारत मोठी झाली. लेक खराडीला कंपनीत लागली तेव्हा तिनेच हौसेने आईला ऑनलाइन चढवलं. आईच्या वस्तीतला पत्ता वाचून लोक नाकं मुरडतील म्हणून तिने पत्ता स्वतःच्या घराचा दिला. नंबर आईचा, आणि त्याखाली दुसरा स्वतःचा. आता आम्रपालीला सहावा महिना लागला होता. आपल्या बाळाला पहिली अंघोळ आईच घालणार, हे तिने लग्नाआधीच ठरवून टाकलं होतं. माणूस काय काय ठरवतो.

नाव काढण्याचं बटण सापडता सापडेना. सापडलं तेव्हा कळलं, की त्याचा ओटीपी आईच्या नंबरवर जातो, आणि तो नंबर तर केव्हाच बंद झालेला. एवढ्यात तिचाच फोन वाजला.

"मी नम्रता, खराडीहून बोलते. कांताबाईंसाठी हाच नंबर ना? त्या आज कधी येतील?"

"अहो, माझी आई..."

"काल आल्या होत्या ना, हात फार छान आहे त्यांचा. फक्त बोलत काहीच नाहीत."

आम्रपालीने फोन दुसऱ्या कानाला लावला. तिची आई आणि गप्प? बाळाशी, बाळाच्या आजीशी, बादलीशीसुद्धा बोलणारी बाई ती.

"ताई, तुम्ही बोलावलंत कसं त्यांना?"

"पहिला नंबर लावला. पलीकडे कुणी बोललं नाही, पण सकाळी दारात हजर." मग नम्रताचा आवाज खाली आला. "एक विचारू? बाळ कालपासून रडलंच नाहीये... डॉक्टर म्हणतात, ठणठणीत आहे. पण भूक लागली तरी रडत नाही हो. नुसतं बाथरूमच्या दाराकडे बघत राहतं..."

"ताई, ऐका माझं. आई वारली आहे. जी कुणी येते तिला दार उघडू नका."

पलीकडे लांबून बेल ऐकू आली. "सासूबाईंनी उघडलं..." नम्रता पुटपुटली, आणि फोन बंद झाला.

आम्रपालीच्या माहेरी भूतबीत या शब्दांना थारा नव्हता. वडील संभाजी म्हणायचे, आधी पुरावा दाखव, मग घाबर. आईचा पुण्यानुमोदनाचा विधीही रीतसर झालेला. तेव्हा कुणी भामटी आईच्या नावावर फिरते आहे, असं तिने मनाला बजावलं आणि संजयला घेऊन चौकीत गेली. "घरातून गेलं काय?" हवालदाराने विचारलं. गेलं काहीच नव्हतं. "मग तक्रार कशाची लिहू? पोर रडत नाही याची?"

पुढच्या आठवड्यात कात्रजहून बापूराव नावाच्या एका आजोबांचा फोन आला. त्यांचा नातूही गप्प झाला होता. मग आणखी कुणाचा. सगळ्यांचं बोलणं एकच. बाई छान, हात छान, बाळ शांत. आम्रपालीची झोप उडाली. आपण हौसेने मांडून ठेवलेलं आईचं नाव मालकाविना उघडं पडलं आहे आणि त्यात भलतंच कुणीतरी शिरून बसलं आहे, असं तिला वाटायचं, आणि स्वतःचीच चीड यायची.

वेबसाइटच्या मदत-नंबरवर सुदर्शन नावाचा मुलगा होता. तो फारच नम्र होता.

"मॅडम, नाव फक्त त्याच काढू शकतात. त्यांना रिक्वेस्ट टाकायला सांगा."

"त्या वारल्यात. मृत्यूचा दाखला पाठवलाय मी."

"सॉरी मॅडम. पण प्रोफाइल चालू दिसतंय. या आठवड्यातही चांगले रिव्ह्यू आलेत."

"मी हात जोडते तुमच्यापुढे. लहान पोरं आहेत हो ती..." ती रडायलाच लागली.

मुलगा घुटमळला. "एक करता येईल. दुसरा नंबर तुमचाय ना? त्यावरून सेवेचे भाग कमी करता येतात. खराडी काढा, कात्रज काढा. पण एक पत्ता तरी ठेवावाच लागतो. रिकामं सोडलं तर पुन्हा सगळं पुणे येतं."

तिने एकेक भाग काढला. शेवटी एक पत्ता उरला, स्वतःच्या घराचा. बोट थबकलं. पण दुसऱ्या कुणाचा पत्ता घालायचा? कुणाच्या दारात पाठवायचं तिला? आणि इथे तर बाळ नाहीच अजून. तिने ओटीपी घातला.

फोन थांबले. एकदम, नळ बंद केल्यासारखे. तिने नम्रताला फोन लावला तर मागे बाळ टाहो फोडत होतं आणि नम्रता हसत-रडत होती. त्या दिवशी आम्रपाली पोटभर जेवली, घरूनच कंपनीचं काम करता करता सोफ्यावर आडवी झाली आणि गाढ झोपली.

जाग आली तेव्हा उजेड उतरला होता. दाराचं लॅच लागलेलंच होतं. बाथरूममध्ये पाट मांडलेला होता आणि फरशीवरचं पाणी अजून कोमट होतं. फोनवर मेसेज आला होता. कांताबाई आज आपल्याकडे येऊन गेल्या, सेवा कशी वाटली?

गाऊनला पोटापाशी तेल लागलं होतं. तिने हात आत घातला. पोट गोल गोल चोळलेलं, ऊबदार, बोटं निसटत होती. वास आईच्या तेलाचा नव्हता. नासलेल्या दुधाचा होता.

संजय किल्लीने दार उघडून आला, त्याने दिवा लावला. "अंधारात काय बसलीस?"

ती दोन्ही हात पोटावर दाबून बसली होती.

"थांब," ती म्हणाली. "बोलू नकोस जरा... हलेल आत्ता."