दाराचे डोळे

होई आन या जुन्या बंदराच्या गावी, नदीकाठी, दुकानं बंद झाल्यावर, बिन्ह आजोबा नव्या वाटाड्यांना ही हकिगत सांगतात. आधी चहा संपवतात. "थोआबाई माझ्या चांगल्या ओळखीच्या. त्यांच्या शाळेची बस मीच चालवायचो," एवढं म्हणतात आणि सुरू करतात.

तीन वर्षांपूर्वीची, चांद्र वर्षाच्या सातव्या महिन्यातली चौदावी रात्र. मंगळवार. साडेसात वाजले होते. थोआबाई डासांच्या अगरबत्त्या आणायला कोपऱ्यावर गेल्या होत्या. जुनं बंदर बघायला आलेली त्यांच्या वर्गातली चोवीस मुलं एका व्यापाऱ्याच्या जुन्या घरात, वरच्या मजल्यावर उतरली होती. विजेचे दिवे घालवलेले, नुसते कंदील. घरोघरी दारापुढे पेजेच्या वाट्या, मीठ, लाह्या... ज्या मेलेल्यांचं मागे कोणी नाही त्यांच्यासाठी.

परतताना बाईंनी वर पाहिलं. तिथल्या घरांना दाराच्या चौकटीवर लाकडाचे दोन गोल डोळे असतात. दोन्हींवर कागद चिकटवलेले होते. दुपारी त्यांनीच मिएनला काम दिलं होतं, कागद लावून पेन्सिल घासायची आणि नक्षी उतरवून घ्यायची. पोरगी कागद काढायला विसरली होती.

मिएन तेरा वर्षांची, आईची एकुलती एक. "तुमच्या जिवावर पाठवतेय हं, बाई," आई बसपाशी म्हणाली होती.

बाईंनी स्टुलावर चढून कागद काढले. घराची राखण करणारे खामकाका शेवटची वाटी ठेवून उठत होते. त्यांचा चेहरा उतरला.

"कधीपासून झाकलेले होते?"

"दुपारपासून. पोरांचं काम हो काका, चुकलं."

"आजच्या दिवशी? घर बघत असलं की या वाट्यांवर येणाऱ्यांतलं कोणी उंबरा ओलांडत नाही. दुपारपासून घर आंधळं होतं. आत कोण शिरलं, कुणास ठाऊक. आणि आता तुम्ही डोळे उघडलेत. शिरलेलं बाहेर कसं जाणार?"

बाई हसल्या. "मुलांना सांगू नका. रात्रभर कोणी एकटं मोरीत जाणार नाही."

काका हसले नाहीत. "मुलं बाहेर काढा."

तेवीस मुलं ढकलाढकली करत रस्त्यावर आली. "ए, माझी चप्पल!" "तुझा पाय आहे की होडी?"

मिएन आली नाही.

बाई वर गेल्या. वरच्या जमिनीत मधोमध एक झडप होती. पूर आला की खालचा माल आणि माणसं तिथून वर ओढून घेतात. झडप उघडी होती. शेजारी मिएन पालथी पडलेली. उजवा हात खांद्यापर्यंत खाली.

"काय करतेस गं?"

"बाई, खाली एक मुलगी आहे. पाणी चढतंय म्हणते. वर ओढ म्हणते."

बाई आत्ताच खालून आल्या होत्या. फरशी कोरडी होती. तिथे कोणी नव्हतं...

"सोड तिचा हात."

"मी सोडलाय, बाई."

...

"तिनं धरलाय."

बाईंनी मिएनच्या कमरेला मिठी घातली. ओढलं. पोर हलेना. उलट वीतभर पुढे सरकली. बाईंना खाली बघवेना. खालून पाण्याचा आवाज... मग श्वास. एकाचा नव्हे.

"काका! डोळे झाका! घराचे डोळे झाका!"

स्टूल सरकलं. म्हातारे काका धडपडत चढले. दोन तळवे, दोन डोळे.

शांत.

मिएन आणखी वीतभर पुढे...

मग हात सुटला. दोघी मागे आदळल्या.

काका स्वतःचेही डोळे मिटून उभे होते. त्यांच्या गुडघ्यांना काहीतरी घासून गेलं. गार. सावकाश. मग आणखी काहीतरी... किती वेळ चाललं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. बराच वेळ हात मात्र काढले नाहीत.

मिएन सुखरूप आहे. बाईंनी तिच्या आईला सगळं खरं सांगितलं. आई मुलीचा हात दोन्ही हातांत धरून बसली.

सकाळी खालच्या चारही भिंतींवर चिखलाची ओली रेघ होती, पूर ओसरल्यावर राहते तशी. झडपेच्या हातभर खाली. त्या साली पूर आला नव्हता.

काकांनी तीनदा चुना मारला. गेल्या महिन्यात बिन्ह आजोबा बोट लावून पाहून आले. रेघ ओलीच आहे. आणि आता झडपेच्या वीतभरच खाली आहे.