टबभर पाणी

नळाने फस्स करून हवा सोडली आणि खोलीतले पाचही जण तिकडे बघू लागले. पाणी नाहीच.

"चार दिवस कोरडे!" समीक्षा करवादली. "आणि लोक म्हणतात, मी पाण्यात लोळतेय."

दिवा उपनगरातल्या पाणीटंचाईवर तिने सोशल मीडियावर पेज काढलेलं. बाराशे सह्या जमलेल्या, उद्या पालिकेत द्यायच्या होत्या. आज सकाळी कुणीतरी खोट्या नावाने फोटो टाकला. तिची पाच वर्षांची चिऊ गळ्यापर्यंत फेसात, टब काठोकाठ, वर धो धो नळ. खाली ओळ: 'ताईंच्या घरी पूर!' दुपारपर्यंत चारशे जणांनी सह्या मागे घेतल्या.

"तुझ्याच मोबाइलमधून चोरलाय," नवरा संदेश म्हणाला. "पोरीचे दिवसाला दहा फोटो टाकतेस."

ठाण्याहून आलेली खासगी गुप्तहेर कृतिका म्हात्रे फोटो मोठा करून बघत होती. "टब नवा?"

"शनिवारी आणला," समीक्षा म्हणाली. "रविवारी सकाळी तासभर पाणी आलं, मग थेंब नाही."

"गालावर तीट नाही."

"घाईत राहिली असेल," कृतिकाचे सहायक मधुकाका म्हणाले.

"माझ्याकडून? छे! तीट लावल्याशिवाय मी फोटोच काढत नाही. केवढ्या नजरा असतात!"

"मग टाकतेस कशाला?" संदेश पुटपुटला.

शेजारची दीप्ती रडकुंडीला आलेली. "चिऊला सांभाळते म्हणून माझ्यावर संशय? अगं, पाणी आलं तेव्हा मी तुझ्याबरोबर खाली सह्या घेत होते ना! माझी पिंपं रिकामी राहिली त्यापायी."

सोसायटीचे सेक्रेटरी तानाजीराव आले ते तावातावातच. "ही माझी बदनामी करते! पण हिच्या घरात मी पाय ठेवलेला नाही. रविवारी खाली तोंडावर बोललो. लाइव्ह बघा."

मधुकाकांनी रविवारचं लाइव्ह लावलं. सुरुवातीलाच कुणीतरी 'पाणी आलं!' म्हणून ओरडलं, शेवटी 'गेलं!' मधला सगळा वेळ तानाजीराव बोटं नाचवत होते, दीप्ती सह्या घेत होती आणि समीक्षा बोलत होती.

"सेक्रेटरीच असणार," मधुकाका कुजबुजले.

"काका, ते समोर स्क्रीनवर आहेत की!" कृतिका वैतागली. "नव्या टबावर नळ एकदाच वाहिला, रविवारी तासभर. म्हणजे फोटो त्याच तासातला. तेव्हा हे तिघंही खाली. तीट नाही, म्हणजे आईच्या मोबाइलमधला नाही. मग चिऊला आंघोळ घालायला वर कोण होतं, संदेशराव?"

समीक्षाने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली नाही.

"मीच. वैताग आलाय मला! आपलं भांडण पेजवर, माझं घोरणं पेजवर, पोरीचा पडलेला दात पेजवर. वाटलं, पेज बंद पडेल, घर परत मिळेल."

"म्हणून पोरीचाच फोटो टाकलास?"

"तू रोज टाकतेस, तेव्हा?"

समीक्षाने हातातला मोबाइल उलटा ठेवला.

"आता स्वतःच्या नावाने खरं लिहा," कृतिका म्हणाली. संदेशने लिहिलं, फोटोही काढून टाकला. सह्या कदाचित परत येतील. फोटो मात्र एव्हाना कुठल्या कुठल्या ग्रुपांवर पोचला होता.

चिऊ कधीची दारात उभी होती. तिने आईची ओढणी ओढली.

"आई, त्या सगळ्यांच्या फोनमधून मी परत कधी येणार?"